सातवं नाव

त्या वर्षी आमच्या तालुक्यात पक्षाचा अध्यक्ष व्हायला अकरा माणसं उभी राहिली, आणि अकराही जणांचं माईकवरून स्वागत करायचं काम माझ्याकडे आलं. का, तर माझा आवाज खणखणीत. मी भिवंडीतल्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि आमच्या भागातल्या निम्म्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडायचं. तशी मी पक्की भांडकुदळ. वर्गातली पोरं मला टरकून असायची, रिक्षावाले माझ्याशी हुज्जत घालायच्या भानगडीत पडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात या सगळ्या तोऱ्याची पार माती झाली.

एरवी तालुकाध्यक्षाचं नाव ठाण्याहून चिठ्ठीतून यायचं. या खेपेला वरून फर्मान आलं की कार्यकर्त्यांनी मत देऊन अध्यक्ष निवडायचा, ज्याला उभं राहायचं त्यानं खुशाल राहावं. खरं म्हणजे सगळं ठरलेलंच होतं. भातशेतीवर गोदामं बांधून मोठे झालेले एक शेठ अध्यक्ष होणार होते. उरलेल्यांतले नऊ जण त्यांनीच उभे केलेले. गर्दी दिसली पाहिजे, मग एकेकानं उठून शेठना पाठिंबा द्यायचा, टाळ्या घ्यायच्या, असा बेत.

अकरावे आमचे बाबा. त्यांना कुणीच उभं केलं नव्हतं.

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी पक्षाच्या सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या, खळ करून पोस्टरं चिकटवली. आभार मानताना ‘ज्ञात-अज्ञात कार्यकर्ते’ म्हणतात ना, त्यातले अज्ञात म्हणजे आमचे बाबा. अर्ज भरून आले आणि जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाले, “मी पन उभा हाय.” आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. शेठचा माणूस माघारीचं विचारायला आला, तर बाबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “न्हाय घेनार.”

दोन दिवसांनी दुपारी दोघं जण घरी आले. बाबा बाहेर गेले होते, आई मागं पापड वाळत घालत होती. दारात मीच. दोघंही तिशीतले, इस्त्रीचे शर्ट, बोलणं मधाळ. “ताई, पाणी मिळेल का?” मी दिलं. पिता पिता एकानं विचारलं, “बाबा पहाटे खाडीच्या बांधावर फिरायला जातात ना?” मी हो म्हटलं. “एकटेच?” मी तांब्या परत घ्यायला हात पुढे केला. “या वयात एकटं जाऊ नये हो. बांध निसरडा असतो.” तांब्या त्यांनी नीट माझ्या हातात दिला. जाताना दुसऱ्यानं वाकून आमच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. शिवी दिली असती तर मी दुप्पट दिली असती. नमस्काराला काय उत्तर देणार?

पोलिसांत जावं म्हटलं तर सांगणार काय, की दोन माणसं आली आणि पाणी पिऊन गेली?

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. आई रडायलाच लागली. “मला न्हाय पायजे ती खुर्ची. मला मानूस पायजे घरात.” बाबा हसले. “अगं, खुर्ची कोन देतंय मला? पाच मतं पडली तरी लय झाली. एकदा माईकवरून माझं नाव तरी येऊ दे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आनि ते नाव ही पोरगीच घेनार.” मी चिडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे फिरायला गेले. मी मागून गेले, पन्नास पावलांवर, हातात काठी घेऊन. बांधावर एक मोटरसायकल उभी होती. माणूस कोणीच नव्हता. पुढचे तीन दिवस मी रोज तशीच काठी घेऊन मागून गेले.

निवडीची सभा कोन गावातल्या एका मंगल कार्यालयात होती. बाबा सकाळी आठलाच तिथं पोचलेले आणि सवयीनं खुर्च्या लावत होते. उमेदवार स्वतःच खुर्च्या लावतोय म्हणून पोरं हसत होती. अंगात नवा पांढरा शर्ट, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. सभा सुरू झाली तसे ते पाचव्या रांगेत कडेला बसले.

ठाण्याहून आलेले पक्षाचे निरीक्षक खूश होते. “एवढे उमेदवार! पक्ष जिवंत असल्याची खूण आहे ही. सगळ्यांचं मनापासून स्वागत करा,” असं म्हणून त्यांनी नियम सांगितला. नाव पुकारलं की वर यायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं आणि व्यासपीठावर बसायचं. स्वागत संपताना जो व्यासपीठावर नसेल त्यानं माघार घेतली असं धरलं जाईल.

यादी माझ्या हातात होती. पहिलं नाव शेठचं, सातवं बाबांचं.

शेठ वर आले, शाल घेतली आणि नेमके माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. दाराशी ते दोघं उभे होते. तेच इस्त्रीचे शर्ट. त्यांतल्या एकानं मला ओळखीचं हसून हात जोडले.

मी दुसरं नाव घेतलं. तिसरं, चौथं. प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून आणल्या होत्या, त्या म्हणत होते. आवाज कुठून निघत होता देव जाणे. पाचवं. सहावं घेतलं तेव्हा बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि पाय चपलांत घातले. मला बांध दिसत होता, पहाटेचा, आणि तिथं पडलेली बाबांची चप्पल. एवढंच दिसत होतं, शप्पथ.

मी आठवं नाव घेतलं.

बाबा अर्धे उठले होते. तसेच क्षणभर थांबले आणि खाली बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नववं, दहावं, अकरावं, सगळं धडाधड वाचून टाकलं.

निरीक्षक मात्र हिशेबी निघाले. खुर्च्या मोजून माझ्याकडून माईक घेतला आणि म्हणाले, “हे दहाच दिसतात. अकरा होते ना? मॅडम, कुणाचं राहिलं का?” माईक परत माझ्या हातात. सगळं कार्यालय माझ्याकडे बघतंय. मी यादीवर बोट फिरवत राहिले.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. “तिची चूक न्हाय सायब. मीच सांगितलेलं तिला, माझं नाव घेऊ नको म्हनून. माघार हाय माझी.”

निरीक्षकांचं मन भरून आलं. “वा! याला म्हणतात कार्यकर्ता. आपलं नाव काय?”

बाबांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट. पण माईक नव्हता, आणि आवाज त्यांचा बसका. मागच्या रांगांतून ओरडा आला, “कोण? कोण म्हणाले? ऐकू नाय आलं!”

अशा वेळी सूत्रसंचालकानं नाव माईकवरून पुन्हा सांगायचं असतं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. आता भीतीचं कारणही उरलं नव्हतं, माघार झालीच होती. बाबा उभेच होते, माझ्याकडे बघत. शेठही माझ्याकडेच बघत होते.

मी कागद उलटला आणि माईकमध्ये म्हटलं, “यानंतर दहा मिनिटं चहापान.”