लासुर्ण्याच्या टर्बोला मी दिलेलं औषध

गाडी सकाळी चालू होईना, खाली तेल ठिपकायला लागलं, की माणूस चारचौघांना विचारतो. विचारावंच. फक्त मला विचारू नका! का, ते सांगतो. पण हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसून घ्या. मधेमधे हसलात की मला सासरे दिसायला लागतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर विभागाचा सुपरवायझर होतो. ऐकायला कसं दणदणीत वाटतं ना? काम काय, तर काटा बघायचा. हवेचा दाब बरोबर असला की मान डोलवायची. नसला की पुण्याला फोन लावायचा. मग पुण्याहून माणूस यायचा, ते धूड उघडायचा, आणि मी त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचो. पण सासुरवाडीला एवढं बारीक कोण सांगत बसतं? लासुर्ण्यात माझी ओळख ‘मशिनीतला माणूस’ अशी झाली होती. मी ती पुसायला कशाला जाऊ?

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. मीही. बापजाद्यांची मेंढरं होती, आबांनी ऊस लावला, ट्रॅक्टर घेतला, पण थंडीत खांद्यावर घोंगडं ते घोंगडंच. त्यांचे एकमेव जिवलग म्हणजे सणसरचे तात्या. तात्या निवृत्त हेडमास्तर. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेले, त्यामुळे एकमेकांना अरेतुरे. रोज भेटायचे, रोज भांडायचे, आणि एक दिवस भेट झाली नाही तर दोघांचीही जेवणं बेचव व्हायची.

तात्यांच्या मुलाची एक टर्बो डिझेल गाडी होती. मागच्या काचेवर लाल अक्षरात हे एवढं मोठं ‘टर्बो’! मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि ती गाडी आबांनी घेतली. पावती नाही, वकील नाही. तात्यांनी हात पुढं केला, आबांनी दाबला, झाला व्यवहार.

पुढच्याच रविवारी मी आणि माझी बायको सुनंदा लासुर्ण्याला गेलो. आबा वाटच बघत होते.

“पावनं, टर्बो म्हंजी काय वो नेमकं?”

आता हे मला खरंच माहीत होतं! पुण्याच्या माणसानं सांगितलेलं. मी म्हणालो, “आबा, इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा असतो तो. जास्तीची हवा कोंबतो. भयंकर वेगानं फिरतो, म्हणून गाडी थांबवली की लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ तशीच घुरघुरू द्यायची.”

तेवढं एक वाक्य बरोबर निघालं, आणि तिथंच घात झाला.

त्या दिवसापासून आबा दारात गाडी उभी करून आतच बसून राहायला लागले. सासूबाई चहा गाडीच्या खिडकीतून द्यायच्या. जाणारायेणारा विचारायचा, “आबा, निघालाव का आलाव?”

“आलोय.”

“मग उतरा की!”

“टर्बो दमलाय. दम जाऊ दे त्याचा. आमच्या पावन्यांनी सांगितलंय.”

माझी छाती शर्टात मावेना.

मग थंडी पडली. कालव्याकडेचं गाव, वर ऊस चहूबाजूंनी, गारठा म्हणजे दातावर दात. एका रविवारी सकाळी आबांनी किल्ली फिरवली तर गाडी खर्र खर्र करून दोनदा बसली, तिसऱ्यांदा कशीबशी उठली. थंडीत डिझेल गाडी असं करतेच हो! पण आबांनी माझ्याकडं बघितलं. सासूबाईंनी बघितलं. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वळवली. अशा वेळी ‘काही नाही, थंडी आहे’ एवढंच म्हणून गप्प बसायचं असतं. बसलो का? मी बाह्या सरसावल्या.

बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी ओढून पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीवर तेल जेमतेम टोकाला!

“आबा, तेल कमी आहे.”

“आँ? तात्या तर म्हणत हुता, नवं टाकलंय.”

मी पट्टी उजेडात धरली. फक्त ‘हं’ केलं. पुण्याचा माणूस असंच ‘हं’ करायचा.

आबांच्या दारात शेड होती, पण तिच्यात ट्रॅक्टर. म्हणून गाडी शेडच्या चढणीवर, नाक वर करून उभी असायची. ते मला दिसत होतं का? दिसत होतं. त्याचा विचार केला का? छे! मी तेलाचा डबा मागवला आणि पट्टी भरेपर्यंत ओतलं. वरून सल्ला दिला, “रात्री बॉनेटवर काहीतरी जाड टाकत जा. ऊब राहते.”

आबांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं टाकायला सुरुवात केली. गल्लीतला एक जण म्हणाला, “आबा, इंजिनाला थंडी वाजतीय व्हय?”

“तुला वाजती का न्हाय? मग!”

सासूबाईंचं मात्र वेगळंच. “एवढी वरसं झाली, मला कवा म्हनून घोंगडं दिलं न्हाय. आन त्या गाडीला बगा, रोज पांघरून घालत्यात!”

पुढच्या रविवारी मी परत पट्टी बघितली. परत तेल खाली. परत ओतलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला तर आनंदच व्हायला लागला, कारण माझं निदान पक्कं होत होतं. ही गाडी तेल पिते!

आणि मग खरंच तमाशा सुरू झाला. गाडीखाली काळं डबकं दिसायला लागलं. सकाळी चालू केली की आधी धडधड, मग अंगात आल्यासारखी थरथर, आणि मागून निळा धूर असा, की पलीकडची चिंच दिसेना. टर्बोकडं जाणारा रबरी पाइप तर तेलानं न्हाऊन निघालेला.

मी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. पुण्याचा माणूस करायचा तसं. तो काय ऐकायचा देव जाणे, मला माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. तरी डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिलो. अंगणात कुणी श्वाससुद्धा घेईना.

“टर्बोचं सील गेलंय,” मी म्हणालो.

“म्हंजी?”

“म्हणजे तेल अडवणारी रिंग फाटलीय, आबा. मुळातच गेलेला माल आहे हा.”

आबा खाटेवर बसले. हळू आवाजात म्हणाले, “तात्याला म्हाईत आसंल व्हय हे?”

इथं, मंडळी, इथं माझी जीभ चावून तुकडा पडला असता तरी बरं झालं असतं. पण मी म्हणालो, “इतकी वर्षं दारात गाडी होती, माहीत नसेल असं कसं?”

सुनंदानं आतून भांडं आपटलं. मला वाटलं, हातातून सुटलं असेल.

आबा त्या दिवसापासून सणसरला जायचे बंद झाले. तात्या वालचंदनगरच्या बाजारात समोरून आले तर आबा टोमॅटो निवडायला लागले. टोमॅटो घरचेच होते, विकायला नेलेले! तात्यांच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं, आबांनी निरोप दिला, “ताप हाय.” कुणाला आहे ते सांगितलं नाही. घरात मात्र कुणाशी धड बोलेनात. भाकरी अर्धी टाकून उठायचे. सासूबाई फोनवर सुनंदाला म्हणाल्या, “आगं, ह्यांनला माणूस गेल्यासारकं झालंय.”

सुनंदा मला म्हणाली, “अहो, तुम्हाला नक्की कळतं ना त्यातलं?”

“कॉम्प्रेसर काय आणि टर्बो काय, तत्त्व एकच!” मी म्हणालो. किती छान वाक्य आहे बघा. अर्थ काहीच नाही.

असल्या गोष्टी लपतात होय? तात्यांच्या कानावर गेलंच. त्यांचा निरोप आला, अगदी हेडमास्तरी. ‘गाडी, गाडीचा मालक आणि गाडीचा डॉक्टर, तिघांनी रविवारी सकाळी सणसरला हजर राहावे.’

आबा म्हणाले, “पावनं, तुमी चला. त्याच्या तोंडावर सांगू. म्हनावं, घे तुजी गाडी परत.”

सुनंदा म्हणाली, “मीही येते.”

“तू कशाला?”

“बघायला.”

निघालो. मागं धुराचा लोट! उसाच्या बैलगाडीवरचा गाडीवान खोकून खोकून बेजार झाला आणि आमच्या चार पिढ्यांची विचारपूस करत राहिला. आबा समोर बघून गाडी चालवत होते, ट्रॅक्टरसारखी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

तात्यांचं घर बुद्धविहाराला लागून. विहारापुढं नवीन फरशी घातलेली, कॅरमच्या पाटासारखी सपाट. तात्यांनी आबांकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, “गाडी हितं घ्या. फरशीवर. बंद करा. आता सगळे घोटभर पाणी प्या, तेल खाली उतरू द्या.”

आम्ही पाणी प्यालो. आबा आणि तात्या एकमेकांकडं पाठ करून उभे. तेवढ्या वेळात तिथं अर्धं सणसर जमलं. हेडमास्तर परीक्षा घेणार म्हटल्यावर कोण घरी बसतं?

“हं,” तात्या म्हणाले. हा ‘हं’ माझ्या ‘हं’पेक्षा फार खोल होता. “काय झालंय गाडीला?”

“टर्बोचं सील गेलंय.”

“कशावरून?”

“तेल पिते. पट्टीवर दर वेळी कमी दिसतं. मी दर रविवारी भरतो.”

“दर रविवारी! बरं. पट्टी काढा.”

मी पट्टी ओढली, पुसली, घातली, परत ओढली. वरची खूण कुठं दिसेना. मला वाटलं, उन्हामुळं. वळून सावलीत धरली. खूण दिसेनाच, कारण ती तेलात बुडालेली होती. नुसती बुडालेली नाही हो, खुणेच्या वर चांगलं बोटभर तेल!

“काय दिसतंय? मोठ्यानं सांगा, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“तेल... जास्त आहे.”

“कशानं जास्त हाय? गाडी तेल पिती म्हणालात न्हवं?”

मी पट्टी परत पुसायला लागलो.

“घरी गाडी कुठं उभी आसती?”

“शेडच्या चढणीवर.”

“नाक वर?”

“नाक वर.”

“मग तेल कुठं जाईल? मागं. आन पट्टी कुठं हाय? पुढं. पुढं कमीच दिसणार की! सपाटीवर उभी करून तेल बघायचं, हे मी गाडी दिली त्या दिवशीच आबाला सांगितलं हुतं.”

सगळ्यांची तोंडं आबांकडं वळली. आबा म्हणाले, “मी पावन्यास्नी सांगितलं हुतं.”

सगळी तोंडं माझ्याकडं आली. आणि खरं सांगू? सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, “आबा, ते साध्या गाड्यांचं. ही टर्बो आहे.”

तात्या गर्दीकडं वळून शिकवायलाच लागले. “पोट तुडुंब भरलं आन तरी कुणी वाढतच राहिलं, तर माणूस काय करतो? ढेकर देतो. इंजिनानं तेलाचे ढेकर दिले. ते हवेच्या पाइपात गेले, टर्बोत गेले, जोडातनं खाली गळले, म्हणून दर रविवारी पट्टी परत कमी. उरलेलं तेल सकाळी जळतं, म्हणून धूर, म्हणून थरथर. सील ठणठणीत हाय!”

खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल काढलं. डबा भरला, मग बादली आणावी लागली. सणसरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाइप काढून पुसले, जोडले. चालू केली. आधी एक मोठा निळा ढग, मग लहान, मग काहीच नाही. इंजिन असं गुरगुरायला लागलं, जसं पोट हलकं झालेलं मांजर.

आबा आणि तात्या अजून लांब लांबच उभे होते. तात्यांच्या घरातून चहा आला. आबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “साखर कमी हाय.”

“तुझं वय झालंय, कमीच पी.”

“बारशाला लाडू केलं हुतं म्हनं?”

“तुझ्या वाटणीचं ठिवल्यात. ताप उतरला का?”

“आत्ताच उतरला.”

आणि दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी बसले. एका पट्टीपायी मी हे मोडायला निघालो होतो! मी दोघांच्या पाया पडायला वाकलो, तर सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत काळ्या. दोघांनीही पाय मागं घेतले.

तात्या म्हणाले, “आबा, तू गाडी परत घे म्हणून आला हुतास न्हवं? घेतो की. पर आता बिघाड कशात हाय ते कळलंय. परत करायचंच आसंल, तर ह्या जावयाला कर.”

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, आणि माझ्या बाजूनं एक तरी शब्द येईल म्हणून आशेनं सुनंदाकडं बघितलं.

सुनंदा पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, “तात्या, मी ह्यांच्या आईला कवाच इचारून बघितलंय. त्या परत घ्यायला तयार न्हाईत.”