कवड्याचं पान

पुस्तकाला हात लावण्याआधी ती पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "आधी चितर दाव दादा, मंग बोल."

महाडात मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखान्यात वैद्यकाच्या पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्यात सापांच्या रंगीत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक. गावात वाचनालयही होतं, पण तिथले कादंबऱ्यांचे वाचक चार थेंब पडले की घरी बसत. आमच्या कपाटाकडे मात्र वरंध घाटातल्या वरच्या वाड्यांवरून अक्षर न ओळखणारी माणसं धावत येत. का येत, ते मला हिच्यामुळे कळलं.

ती गुरं राखणाऱ्या घरातली सून. नवरा मुंबईला गिरणीत. पहिल्यांदा आली ती साप चावलेल्या दिराला डोलीत घालून आणि मारलेला साप फडक्यात बांधून. काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे पाहून सगळ्या वाडीने मण्यार ठरवली होती, आणि मण्यारीच्या विषावर आमच्याकडे औषध नव्हतं. दिराने भीतीनेच डोळे फिरवले होते. मी साप चित्राशेजारी ठेवला. मण्यारीची मान कोरी असते, याचे पट्टे थेट मानेपासून होते. निघाला कवड्या, बिनविषारी. हे ऐकताच दीर उठून बसला आणि त्याने भाकर मागितली. डोली वाहून दमलेल्यांच्या पुढे चालत तो घरी गेला.

तेव्हापासून वाडीवर साप मारला की बाजाराच्या दिवशी ती फडकं घेऊन हजर. डॉक्टर वैतागायचे. मी चिडवायचो, "वाचनालयवाल्यांपेक्षा तुझीच हजेरी जास्त गो."

"त्यांस्नी कसलं भ्या हाय?" ती म्हणायची. "माझी पोरं भुईवर निजतात."

तुम्हीही पुस्तकांच्या कपाटापाशी माणसं पाहिली असतील. ज्ञानाची आवड वगैरे ठीक आहे. मी तिथे थरथरणारे हातच जास्त पाहिले.

एका सकाळी ती सासूबरोबर आली. हातात फडकं नव्हतं. पहाटे गोवऱ्या काढताना हिच्याच बोटाला चावा बसला होता आणि साप निसटला होता. सासू दारातच बसली, भीतीने तिला धड बोलताही येईना. हिने स्वतःच पान उलटलं आणि कवड्यावर बोट ठेवलं.

"ह्योच व्हता."

"पट्टे मानेपासून होते? नीट पाहिलंस?"

"व्हते." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आत्ये, आलोच हाव तर बाजारातून मीठ घेऊन ये."

सासूचा जीव भांड्यात पडला. ती दिसेनाशी होईपर्यंत हिने दारावरची नजर काढली नाही. मग तिने मण्यारीचं पान काढून त्यावर बोट ठेवलं.

"मान कोरी व्हती दादा. म्हातारीला सांगू नको. ती हितंच मरंल."

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी जखम धुतली आणि नाडी धरून बसले, दुसरं काही हातात नव्हतं. तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, बोलणं जड झालं होतं. "लई भ्या वाटतंय," एवढंच मला कळलं. मलाही वाटत होतं, आणि मला ते तिच्यासारखं लपवता येत नव्हतं. तिचं बोट मण्यारीच्या पानावर तसंच होतं.

दारात सासूची चाहूल लागली. तिच्या ओच्यात मीठ होतं. मी ते बोट हळूच उचललं, पान मागे उलटलं आणि पुन्हा कवड्यावर ठेवलं.