आप्पांचा तक्ता आणि खारकीव्हची सायली

किस्से ठेवायला आमच्या चेंबरला वेगळं कपाटच लागेल! बेळगाव कोर्टासमोर आमचं ऑफिस. एक किस्सा सांगायला घेतला की चार उगाच आठवतात. पण रशियानं युक्रेनवर हल्ला केला, त्या दिवसांतले किस्से आम्ही बाहेर फारसे काढत नाही. आमच्या सीनियर वकिलांची, म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक सायली तेव्हा खारकीव्हला मेडिकलला होती. हॉस्टेलच्या तळघरात. तिच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते आणि आम्ही इथं जामिनाचे अर्ज तयार करत होतो.

*

पहिल्याच दिवशी आप्पांनी टायपिस्ट शोभाक्काला तीन रकान्यांचा तक्ता करायला लावला. देशाचं नाव, काय बोलला, काय केलं. वकिली खोड, दुसरं काय! मोबाईलवर बातमी आली की आप्पा सांगणार, शोभाक्का बडवणार. एकाचा 'तीव्र निषेध'. दुसऱ्याची 'गंभीर चिंता'. तिसऱ्याचं 'परिस्थितीवर बारीक लक्ष'. चहाच्या वेळेपर्यंत मधला रकाना दोन पानं खाली गेला. तिसरा जवळजवळ कोरा.

शोभाक्कानं चष्मा वर केला. "आप्पा, ह्यात 'निल' प्रत्येकापुढं टाकू, की एकदा टाकून खाली रेघ मारू?"

आम्ही माना खाली घातल्या. हसले ते एकटे आप्पाच, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

*

चेंबरमध्ये माझ्याबरोबरचे दुसरे ज्युनियर म्हणजे निपाणीचे बाळासाहेब. हल्ल्याच्या आधी जर्मनीनं युक्रेनला हेल्मेटं द्यायचं जाहीर केलं होतं, ते त्यांनी जुन्या पेपरात शोधून काढलं आणि तिसऱ्या रकान्यासाठी वाचून दाखवलं.

"हेल्मेटं?" आप्पा ओरडले. "समोर रणगाडे आहेत आणि हेल्मेटं?"

"तेच म्हणतोय की! आमच्या निपाणीत हेल्मेट न्हाय म्हणून पोलिसानं धरलं तर पावती फाडून सोडतोय तरी. रशिया सोडंल व्हय?"

*

मग संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं आणि भारत तटस्थ राहिला. बाळासाहेब तापले.

"ही कसली तटस्थता? मारणाऱ्याला मारू नगो म्हणायला काय जातंय?"

एरवी आप्पांनी याच्यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी टेबलावर फाईल आपटली. "माझी पोर दोघांच्या मधी अडकलीय रं! ज्याला दुखवाल त्यानं तिची वाट अडवली म्हणजे? आज तटस्थच बरं!"

मग आप्पाच हळू आवाजात म्हणाले, "आजवर असल्या माणसाला मी भित्रा म्हणत आलोय." मला रडू आवरेना, मी फाईल घेऊन व्हरांड्यात गेले.

*

दूतावासाची सूचना आली. शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत सोडा! सायली पाठीवर सॅक टाकून बर्फातून निघाली. वाटेत तिचा फोन आला आणि आप्पांनी स्पीकर लावला.

"पोरी, एक लक्षात ठेव. कुणी कसलाही कागद पुढं केला तर वाचल्याशिवाय सही करायची न्हाय."

"आप्पा, डोक्यावरनं विमानं जाताहेत!"

"जाऊ देत. बारीक अक्षरातलं पण वाचायचं!"

फोन कट झाला. आप्पा नंतर कितीतरी वेळ त्या मोबाईलकडंच बघत बसले होते.

*

दोन दिवस काही पत्ता नाही. शोभाक्कानं डबा उघडला नाही, बाळासाहेबांनी कोर्टात पुढच्या तारखा मागून घेतल्या. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. मिळेल त्या रेल्वेनं, बसनं सायली रोमानियात पोचली होती!

आप्पांचा पहिला प्रश्न, "व्हिसा विचारला का?"

"न्हाय."

"मग काय विचारलं?"

"भूक लागलीय का, असं विचारलं. गरम सूप दिलं आप्पा."

आप्पांनी डोळे पुसले. "शोभा, तक्ता काढ. रोमानिया. तिसरा रकाना."

"काय लिहू?"

"सूप."

*

आता शेवटचा. आमच्या सीमाभागात कुठलाही फॉर्म दोन्ही राज्यांकडं भरायची सवय. कुठून काम होईल सांगता येत नाही ना! बाळासाहेबांनी सायलीचं नाव महाराष्ट्राच्या हेल्पलाईनला दिलं होतं, वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, कर्नाटकाच्या. झालं! सायली दिल्लीला उतरली, अंगात ताप. आणि घरी यायचं तिकीट कुठल्याच यादीत नाही. या यादीवाल्यांना वाटलं त्या यादीवाले नेतील, त्यांना वाटलं हे नेतील.

दुपारी चेंबरमध्ये दिल्लीहून कर्नाटक सरकारच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. आमचं विमान तासाभरात सुटतंय, एकच जागा उरलीय. मुलगी कुठल्या राज्याची, ते आत्ता सांगा.

आम्ही तिघंही आप्पांकडं बघायला लागलो. बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणून दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी पट्टी बांधणारा हा माणूस! 'तुम्ही कुठल्या राज्याचे' याला आयुष्यभर एकच उत्तर, 'बेळगावचा'. कन्नडमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत. बाळासाहेब कुजबुजले, "आप्पा, उद्या महाराष्ट्राचं विमान असंल की."

आप्पांनी हातानंच त्यांना गप्प केलं. आणि स्वच्छ, अस्खलित कन्नडमध्ये म्हणाले, "कर्नाटकाची आहे साहेब. मुलगी कर्नाटकाची. लिहून घ्या."

पलीकडचा खूश होऊन म्हणाला, "किती सुंदर कन्नड बोलता सर! कुठं शिकलात?"

"कोर्टात," आप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं तुमच्याच सरकारविरुद्ध केसी लढवून. आता पोरीला विमानात बसवा!"

पलीकडं कीबोर्ड खडखडला.

मग तो म्हणाला, "बसवली, सर."