ठकूनेरीसची शेपटी

डॉ. कुमुद आठल्ये यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जमिनीवर बसून आंब्याच्या पेटीतले गवत उपसत होत्या. मी उज्जैनहून एम.एस्सी.साठी भोपाळला आलेली, मुळातच घाबरट मुलगी. आंबा मिळेल अशी मला आशा वाटली. पेटीतून निघाल्या त्या काचेच्या बाटल्या, आणि त्यांत स्पिरिटमध्ये बुडालेले, अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केस असलेले समुद्री कृमी. मॅडमनी वर न बघताच विचारले, ‘हात थरथरतात का तुझे?’ मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, मग सावकाश काम करशील, ये. पुढची तीन वर्षे मी त्यांच्या हाताखाली होते, आणि मनाने अजूनही आहे.

भोपाळात समुद्र नाही. मॅडमचे यजमान इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर, म्हणून लग्नानंतर त्या इथल्या सोनागिरी वसाहतीत आल्या आणि कॉलेजात शिकवू लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र त्या मालवणकडे, खाडीकाठच्या माहेरी जात. इतर माहेरवाशिणी लोणची-पापड घेऊन परततात, मॅडम कृमी घेऊन परतत. एकदा गाडीत शेजारच्या बाईंनी विचारले, बहनजी, इस पेटी में क्या है? मॅडमना खोटे बोलता येत नाही. त्यांनी खरे सांगितले, आणि भोपाळपर्यंत त्यांना पाय पसरायला अख्खे बाक मिळाले.

खाडीच्या चिखलात हे प्राणी नेमके कुठे असतात, हे मॅडमना पुस्तकांनी नाही, ठकूबाईंनी शिकवले. ठकूबाई ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढून विकत. पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपून त्या सांगत, इथे खण. अशाच एका जागी मिळालेला कृमी कुठल्याच माहीत असलेल्या वंशात बसेना. जबडे एका ओळखीच्या कुळातले, पण शेपटीला कल्ल्यांचा झुबका, जो त्या कुळात दुसऱ्या कुणालाच नव्हता. वंश म्हणजे जवळच्या जातींचे एक घर. मॅडमनी नवे घर बांधले आणि त्याला नाव दिले ठकूनेरीस, ठकूबाईंचे ठकू आणि त्या कुळाच्या नावातले नेरीस. विभागात बरीच चेष्टा झाली. एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव दिले असते तर बरे दिसले असते, असेही कुणी सुचवले. मॅडमचे म्हणणे एवढेच, की ज्यांनी दाखवला त्यांचे नाव. पुढच्या सुट्टीत छापील लेख घेऊन त्या ठकूबाईंकडे गेल्या. ठकूबाईंनी आपले नाव कुठे आहे ते दाखवायला लावले, आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. हे सांगताना मॅडमचा आवाज आजही बदलतो.

मॅडमच्या मायेचे अनेक दाखले या गौरवग्रंथात इतरांनी दिले असतील. माझा एकच देते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मला एकही नाव आठवेना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, सरांसाठी जरा पाणी आण. मी पाणी आणायला गेले, माठाशी उभी राहिले, आणि एकेक नाव परत आले. परीक्षकांनी ते पाणी प्यायले नाही. त्यांनी ते मागितलेही नव्हते, हे नंतर माझ्या लक्षात आले.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हा लेख चार वेळा अर्धवट राहिला. मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या सत्कार समितीच्या शाहपुऱ्यातल्या बैठकीत मला विषय दिला गेला तो ठकूनेरीसच. मी मान डोलावली.

हे कृमी फार ठिसूळ. पकडताना, गाडीच्या हिसक्यांनी, त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मॅडमचा एकच कडक नियम होता. एका वेळी एकच बाटली उघडायची. तुकडे परत आत गेले, आतली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी तपासली, झाकण लावले, की मगच दुसरी. त्या दिवशी माझी घरी जायची, कोटऱ्याची मिनीबस चुकायला आली होती. मी दोन बाटल्या एकदम उघडल्या. शेवटी ट्रेमध्ये एक झुबकेदार शेपटी उरली आणि ती कुठल्या बाटलीतली, ते मला कळेना. जबडेवाल्या तुकड्याशी जाडी जुळतेसे वाटले. त्या बाटलीत टाकली, झाकण लावले. मिनीबस मिळाली.

वर्षभराने त्याच बाटलीतल्या नमुन्यावर नवा वंश जाहीर झाला. मी पेढे वाटले. जाडी जुळली म्हणजे शेपटी त्याचीच असणार, अशी मनाची समजूत घातली. पण कुणी ठकूनेरीस म्हटले की मला ती ट्रे दिसे. मी स्वतः प्राध्यापक झाले, विद्यार्थ्यांना एका वेळी एकच बाटली म्हणून दटावू लागले, आणि दटावताना दर वेळी जीभ अडखळे.

या हिवाळ्यात मालवणकडच्या एका तरुण संशोधिकेचे मॅडमना पत्र आले. त्याच खाडीत तिला अखंड कृमी मिळाले होते. जबडे अगदी ठकूनेरीसचे, शेपटी मात्र साधी, झुबका नाही. असे कसे, हे तिने फार आदराने विचारले होते. मॅडमनी ते पत्र मला फोनवर वाचून दाखवले. त्या खुशीत होत्या. ठकूबाईंच्या खाडीत अजून कुणी चिखल उपसते आहे, याचाच त्यांना आनंद. ही बहुधा त्याच वंशातली दुसरी जात असेल, असे त्यांना वाटत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. उद्या ती मुलगी चार लोकांसमोर उत्तर काढील, आणि तेही पंच्याहत्तरीच्या तोंडावर. मॅडमना हे माझ्या तोंडून कळायला हवे होते.

सकाळीच मी सोनागिरीला गेले. मॅडम मटार सोलत होत्या. मी म्हटले, ‘मॅडम, एक बात सांगायची आहे. फार जुनी गडबड आहे, आणि माझ्याच हातून झालेली.’ आणि सगळे सांगून टाकले.

त्यांनी रागावण्याऐवजी प्रश्न विचारले. ट्रे कुठली, पांढरी की निळी? दुसऱ्या बाटलीवर काय लिहिले होते? शेपटी ओली होती का? मी आठवेल तेवढे सांगितले. मग त्या पुन्हा मटारांकडे वळल्या. उरलेले सगळे मटार त्यांनी एकेक करून सोलले. ती पाच-दहा मिनिटे मला त्या तोंडी परीक्षेपेक्षा जड गेली.

‘बाटली काढ,’ त्या म्हणाल्या. विभागाने जागा नाही म्हणून काढून टाकलेली नमुन्यांची दोन कपाटे मॅडमनी परवानगी घेऊन घरी आणली आहेत. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक लावला. आधी त्यांनी पाहिले, मग मी. जाडी जुळत होती, पण केस जुळत नव्हते. पुढच्या तुकड्यावरचे केस सांध्याचे, शेपटीवरचे सरळ आणि बारीक. दोन वेगळे प्राणी होते. मग मॅडमनी आपल्या जुन्या कागदांतून ठकूनेरीसचे पहिले, पेन्सिलचे चित्र शोधून काढले. धड आणि शेपटी यांच्यामध्ये त्यात ठिपके होते, जोड नक्की नसल्याची खूण. छापलेल्या चित्रात त्याच जागी शाईची सलग रेघ होती.

‘शुभदा, बाटली तू मिसळलीस,’ त्या म्हणाल्या. ‘ही रेघ मी जोडली.’

मला रडू फुटले. या ग्रंथात यातले काही येऊ नये, अशी मी गळ घातली. मॅडमनी साफ सांगितले, की हेच लिहायचे, नाहीतर त्या सत्काराला येणार नाहीत. मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘एकदा सांगायचं होतंस गं. ठकूबाई होत्या तोवर. मी जाऊन सांगितलं असतं त्यांना.’ एवढाच त्यांचा राग. तो मला जन्मभर पुरेल.

शास्त्राच्या नियमात अशा घोटाळ्याला वाट आहे. एकाच प्राण्याचा समजलेला नमुना दोन प्राण्यांचा निघाला, तर नाव त्यातल्या एकाच तुकड्याला बांधता येते. मॅडमनी ते पुढच्या तुकड्याला, जबड्यांना बांधले आहे. चूक कबूल करणारे टिपण त्यांनी आम्हा दोघींच्या नावे लिहिले. त्यांच्या नावाशेजारी माझे नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ. पण झुबक्याविना ठकूनेरीस हे वेगळे घर म्हणून उभे राहील का? की जबड्यांच्या खुणा पुरेशा न ठरून एखाद्या जुन्या वंशात मिसळून जाईल, आणि ठकूबाईंचे नाव याद्यांच्या तळटिपेत उरेल? त्या मुलीने अखंड नमुने पाठवायचे कबूल केले आहे. ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा उत्तर मिळालेले असेल की नाही, मला ठाऊक नाही. मी रोज मॅडमना फोन करते. पार्सल आले का, विचारते. त्या म्हणतात, तू जेवलीस का?

मिसळली ती एकच शेपटी की आणखी काही, हाही घोर आहे. म्हणून त्या वर्षांतल्या सगळ्या बाटल्या आम्ही पुन्हा तपासायला घेतल्या आहेत. दर रविवारी मी सोनागिरीला जाते. मॅडम एक बाटली माझ्यापुढे ठेवतात, आणि झाकण लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय दुसरीला हात लावू देत नाहीत.

मॅडम, दोन्ही कपाटे अजून भरलेली आहेत. एका वेळी एकच बाटली उघडायची, तर फार वर्षे लागतील. ती सगळी आपल्याला मिळोत, शाबूत नजरेने आणि ठणठणीत तब्येतीने. मला आता कुठलीही बस पकडायची नाही.