कदीसुम्माचा आग्रह

कदीसुम्माच्या हातची चट्टिपत्तिरी ज्यानं एकदा खाल्ली, तो पुन्हा तिच्या दारावरून नुसता पुढे जात नसे. काहीतरी निमित्त काढून आत येईच. पातळ धिरड्यांचे थर, मधे अंडं, काजू, बेदाणे, खसखस, वेलची आणि मनसोक्त साखर. चट्टीखाली, म्हणजे त्या पसरट भांड्याखाली, मंद आच आणि झाकणावर रसरशीत निखारे. लेकीनं हौसेनं घरात ओव्हन आणला होता. कदीसुम्मा त्यात कढया ठेवी.

बाई बुटकी, गोल आणि आवाजानं खणखणीत. पाहुण्यानं ‘पुरे’ म्हणावं आणि हिनं ऐकावं, असं आमच्या सैदारपळ्ळीच्या त्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. कुणी ताटावर हात आडवा धरला, तर ती बोटांच्या फटीतून वाढी. खाणारा घामाघूम झाला की तिला जेवण झाल्यासारखं वाटे.

आणि अशा बाईला जावई मिळाला तो नौफल. हायस्कुलात गणित शिकवणारा, सरळ, कमी बोलणारा पोरगा. अकराव्या वर्षी त्याला मधुमेह झाला होता आणि तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी पोटावर इन्सुलिनचं पेन टोचावं लागे. आमच्याकडे लेक सासरी जात नाही, जावईच बायकोच्या घरी राहायला येतो. म्हणजे हा आता रोज कदीसुम्माच्या पंगतीला.

तिची थोरली बहीण बिय्यात्तु लग्न ठरल्याचं ऐकून दारातूनच ओरडली होती, “कदीसू, अगं तुझा हात साखरेचा आणि जावई बिनसाखरेचा! त्याला काय हवा खाऊ घालणार आहेस?”

“खाऊ घालीन. तू येऊन बघ,” कदीसुम्मा म्हणाली खरी, पण काय खाऊ घालायचं, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

त्यात लेक जसीला एकदा सहज बोलून गेली. नौफलला लहानपणापासून प्रत्येक लग्नात वेगळं बसवायचे. बाकी सगळे मोठ्या ताटाभोवती कोंडाळं करून एकत्र जेवायचे, आणि हा कोपऱ्यात, साखर झालेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी, दोन कोरड्या चपात्या घेऊन. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत रडायचा. मग रडणं बंद झालं, आणि मागणंही. हे ऐकून कदीसुम्मानं पदरात तोंड खुपसून रडून घेतलं आणि डोळे पुसता पुसता सांगून टाकलं, “माझ्या घरी तो सगळ्यांच्या भांड्यातलंच खाईल. आणि पोटभर खाईल. नाही खाल्लं तर मी चूल सोडीन!”

मग काय, बाई पेटलीच. जावयाची पहिली मोठी मेजवानी आठवड्यावर आली होती. तिनं घरातली साखर बाहेर काढली. गूळ काढला, मध काढला, केळी काढली, बेदाणे काढले, खजूरसुद्धा काढला. सगळं शेजारच्या आजोबांकडे, हंसाक्कांकडे. जावयाच्या शर्टाच्या खिशात चार गोळ्या सापडल्या, लिमलेटच्या, तेव्हा तर ती मटकन खालीच बसली. ‘बिचारा चोरून खातो!’ पण त्याची लाज राखायची म्हणून अवाक्षर न काढता तिनं त्या गोळ्याही हंसाक्काच्या नातवंडांना वाटून टाकल्या. एवढं केल्यावर तिला वाटलं, झालं, आता या घरात दुखण्याला पाय ठेवायला जागा नाही.

मेजवानीच्या दिवशी दिवाणखाना पाहुण्यांनी गच्च भरला. बिय्यात्तु सगळ्यात पुढे. कदीसुम्मानं अंगणातल्या चुलीवर बिनसाखरेची चट्टिपत्तिरी चढवली होती. झाकणाला चिमटा लावत ती आत बघून ओरडली, “जसीला, चला बसा! आणलंच!” जसीलानं नवऱ्याला खूण केली. नौफलनं आत जाऊन पेन टोचलं आणि येऊन रिकाम्या ताटाशी बसला. चट्टिपत्तिरी आल्याशिवाय बाकीचं वाढायचं नव्हतं.

इकडे कदीसुम्मानं झाकण उघडलं, तर वरचा थर पांढराफटक. रंगच नाही! सगळं आयुष्य तिनं चट्टिपत्तिरी रंगावर उतरवली होती, आणि रंग आणते साखर, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आतून पदार्थ केव्हाच झाला होता. पण पांढरी चट्टिपत्तिरी पंगतीत न्यायची? बिय्यात्तुसमोर? तिनं आणखी निखारे घातले. पुन्हा उघडलं. पांढरीच. पुन्हा निखारे.

“कदीसू, जावई म्हातारा व्हायला लागला गं!” आतून बिय्यात्तुची हाक आली.

“आले, आले!”

आणि मग जसीलाची किंकाळी. कदीसुम्मा चिमटा टाकून आत धावली. नौफल घामानं निथळत होता. हात लटपटत होते, नजर कुठेतरी भलतीकडे. “साखर,” तो अडखळत म्हणाला. “साखर द्या... खिशात गोळ्या...” आणि रिकामा खिसा चाचपडत राहिला.

“उम्मा, साखर उतरलीय त्याची! काहीतरी गोड दे, पटकन! कुठंय साखर?” जसीला आईवर ओरडत डबे आपटत होती.

साखर कुठंच नव्हती. अख्ख्या घरात चिमूटभर साखर नव्हती. कदीसुम्मानं शोधून शोधून ती हाकलली होती.

डोक्यावरून ओढणी घेतल्याशिवाय जी बाई कधी उंबरा ओलांडत नसे, ती अनवाणी, उघड्या डोक्यानं रस्त्यावर धावली. हंसाक्का ओट्यावर बसून लिंबाचं सरबत ओठाला लावत होते. तिनं ग्लास हिसकावला.

“अगं, माझं सरबत...”

“मेलं तुमचं सरबत!”

अर्धं रस्त्यात सांडलं, अर्धं पोचलं. तिनं जावयाचं डोकं मांडीवर घेऊन ग्लास ओठाशी धरला. सासूनं जावयाला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही, पण त्या वेळी पद्धत कुणाला आठवते! घोट घोट करत ते पोटात गेलं. थोड्या वेळानं नौफलनं डोळे किलकिले केले आणि समोर हे एवढं घाबरलेलं तोंड पाहून त्यालाच कसंतरी झालं.

“उम्मा, रडू नका. मला बरं वाटतंय.”

“मी मारलं असतं तुम्हाला,” ती हमसून म्हणाली. “माझ्या हातानं.”

त्या दिवशी मेजवानी कुणाला गोड लागली नाही. बिय्यात्तु मात्र जाता जाता बोललीच, “सांगत होते मी. दोन चपात्या द्यायच्या आणि मोकळं व्हायचं.”

संध्याकाळी जावई आपणहून स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला. गणिताच्या मास्तरनं सांगावं तसं त्यानं शांतपणे सांगितलं. साखर वैरी नाही. मैदा, तांदूळ, बटाटा, सगळ्यांचीच पोटात साखर होते. पेन टोचायचं ते येणाऱ्या घासाचा अंदाज घेऊन. घास उशिरा आला तर साखर उतरते, अंदाजापेक्षा जास्त आला तर चढते. “मला सगळं चालतं, उम्मा. फक्त काय येणार, किती येणार आणि केव्हा येणार, ते आधी कळायला हवं. आणि आपल्याकडे जेवताना नेमकं तेच कुणाला कळत नाही.”

कदीसुम्मा बघतच राहिली. “म्हणजे चट्टिपत्तिरी चालेल?”

“एक तुकडा. मोजका.”

“आणि तिच्यातला मैदा कमी केला तर?”

“मग तुकडा मोठा!”

बस्स! बाईच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं त्याला प्रयोगशाळाच म्हणायला हवं. हातानं अंदाज घेणारी कदीसुम्मा आता वजनकाटा घेऊन बसली. आधी नाचणीचे थर केले, ते कौलासारखे निघाले. नवरा मोयदूक्का एक तुकडा चावून म्हणाला, “छपराला उरलं असेल तर ठेव, दोन कौलं फुटलीत.” मग मैद्याऐवजी अंड्याचेच थर, अगदी पातळ, नावाला गव्हाचं पीठ. मधे बदामाचा कूट, नारळ, काजू, खसखस. गोडीला मूठभर बेदाणे, तेही वजन करून. रंगाची वाट न बघता आता ती सुरी खुपसून बघे. कोरडी निघाली की उतरवली. आणि वरून बदामाचे काप तुपात तांबूस परतून पसरले, म्हणजे रंगाची हौस तिथं फिटली.

प्रत्येक चाचणीनंतर दोन तासांनी नौफल बोटावर सुई टोचे. तेवढा वेळ कदीसुम्मा पायरीवर बसून राही, पोराचा निकाल लागायचा असावा तशी. “किती?” आकडा वर गेला की मान खाली. आणि एका दुपारी यंत्राकडे बघून तो हसला. “उम्मा, पास!” ती टाळ्या पिटत अंगणभर फिरली. हंसाक्कांनी घाबरून आपला ग्लास आत नेला.

मग पुन्हा मेजवानी ठेवली. पुन्हा तेच पाहुणे, तीच बिय्यात्तु. कदीसुम्मानं दारात उभं राहून, सगळ्यांदेखत, जावयाला सांगितलं, “आज कोंबडी आहे, मासा आहे, तांदळाची पत्तिरी दोन, भाजी आणि चट्टिपत्तिरीचा एक तुकडा. एवढंच. जास्त काही येणार नाही.”

पंगतीत कुजबुज झाली. बिय्यात्तु तर खो-खो हसली. “जावयाला काय वाढणार ते आधी सांगतात? हॉटेल काढलंस की काय? आणि एकच तुकडा? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

सगळं ताटात आलं, तेव्हा नौफलनं पेन टोचलं. सगळ्यांनी एकाच चट्टीतून घेतलं. त्यानंही. कोपरा नाही, चपाती नाही. आग्रहाच्या भरात बिय्यात्तुनं दोन तुकडे उचलून त्याच्या ताटाकडे नेले, तोच कदीसुम्मानं तिचं मनगट धरलं.

“इत्ता, ठेव ते खाली,” ती थोरल्या बहिणीला म्हणाली.

“अगं, पाहुण्याला आग्रह नको?”

“नको. तो जेवतोय, त्याला जेवू दे.”

जन्मभर आग्रह करणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून पाहुणे माना वळवून बघायला लागले. कदीसुम्माचे डोळे जावयाच्या ताटावर होते. त्याला आवडलं असेल का? की नुसतं मन राखायला खातोय? विचारायची तर सोय नव्हती. विचारलं की तो ‘छान’ म्हणणारच. ती चट्टीशेजारी हात बांधून उभी राहिली. वाढायचं नाही, असं उभं राहणं तिला कधी जमलंच नव्हतं.

नौफलनं तुकडा सावकाश संपवला. बोटं चाटली. ताटाकडे बघत जरा वेळ मनात काही हिशेब केला. मग मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते.

“उम्मा,” तो म्हणाला, “अजून एक द्याल?”

जसीलानं तोंडावर हात धरला. नवऱ्यानं कुणाच्या पंगतीत काही मागितलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. कदीसुम्मानं तुकडा उचलला, पण ताटापर्यंत नेऊन तशीच थांबली. नाही म्हणणाऱ्यांना वाढायची सवय. मागणाऱ्याला कसं वाढतात, ते तिला येतच नव्हतं.

“अगं वाढ की त्याला!” बिय्यात्तु खेकसली आणि नाक ओढत दुसरीकडे बघायला लागली.

कदीसुम्मानं तुकडा वाढला. एकच, मोजका. नौफलनं पेन काढलं, आकडा फिरवून टोचलं आणि घास घेतला. तशी ती त्याच्या शेजारीच खाली बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “सावकाश खा रे, बाळा.”