बिर्गिटची दोन मुलं

समराने माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला, तेवढा ऐरोलीच्या आयटीवाल्या सगळ्या पोरांनी मिळून दिला नसेल. ही पोरं सानपाड्याला माझ्या हॉलमध्ये जर्मन शिकायला येतात, उशिरा येतात, गृहपाठ करत नाहीत, आणि तरी पास होतात. समरा वेळेआधी यायची, धडा तोंडपाठ करून यायची, आणि नापास व्हायची.

ती आमच्याच सोसायटीत, मागच्या विंगमध्ये राहायची. मूळचे म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान. वडील कासिमभाईंचं तुर्भ्याला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं या पोरीनेच पार पाडली. स्वतःचा निकाह व्हायला पस्तिशी उजाडली. नवरा आतिफ जर्मनीत एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. थोड्या दिवसांची रजा काढून आला, निकाह झाला, रजा संपली, गेला. त्याच्यामागे जायचं तर समराला जर्मनची पहिल्या पायरीची परीक्षा पास होणं भाग होतं. ती पास होईना म्हणून व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणून संसार सगळा व्हिडिओ कॉलवर.

पहिल्या दिवशी मी पहिला धडा वाचून दाखवला. तिने तो मोबाइलवर रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी आली ती मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि सगळा धडा म्हणून मोकळी झाली. उच्चार असे स्वच्छ की मी थक्कच झाले. मग माझ्या लक्षात आलं की धड्याच्या वर छापलेली 'ऐका आणि पुन्हा म्हणा' ही सूचनासुद्धा तिने तितक्याच भक्तिभावाने म्हटली होती.

धडा होता बिर्गिटचा. माझं नाव बिर्गिट, मी व्हिएन्नात राहते, मला पोहायला आवडतं, मला दोन मुलं आहेत आणि एक कुत्रा आहे. मी समराला जर्मनमधून विचारलं, "तुझं नाव काय?"

"माझं नाव बिर्गिट," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. "अगं, तुझं नाव सांग. तू कुठे राहतेस ते सांग."

"पण किताबात तसं नाय ना, मॅडम."

किताबात नाही म्हणजे नाही. ती दुपारी सोसायटीतल्या मुलांना सिपारा शिकवायची, म्हणजे कुराणाचे पाठ द्यायची. तिलाही लहानपणी तिच्या मावशीने, खालाने, तसंच शिकवलेलं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की खाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. पाठात आपल्या मनाचं काही घालायचं नसतं, अर्थ सावकाश मागून येतो, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. कुराणासाठी ते योग्यच. पण हे पुस्तक कुठल्याशा प्रकाशकाने पोट भरायला छापलेलं, बिर्गिट नावाची बाई जगात नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही.

"समजलं, मॅडम," ती मान हलवायची. मग मी विचारायचे, "मुलं आहेत का तुला?" तिथे ती अडायची. ओठ हलायचे, मनातल्या मनात धडा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि ती त्या वाक्याशी पोचली की खणखणीत आवाजात, "मला दोन मुलं आहेत आणि एक कुत्रा आहे."

पहिल्या परीक्षेत ती बिर्गिट म्हणूनच बसली आणि बिर्गिट म्हणूनच पडली.

मग मी शहाणपणा केला. काट्याने काटा काढायचा ठरवलं आणि समराच्या नावाने नवा धडा लिहून दिला. घरात कोण कोण, हे विचारलं तर म्हणाली, "नवरा, वडील. बस." तेवढंच लिहिलं. तिने पाठ केलं. दुसऱ्या परीक्षेत तिने सुरुवात झकास केली, पण परीक्षक बाईने मध्येच थांबवून नावातली अक्षरं सुटी सुटी सांगायला लावली. झालं, साखळी तुटली. नवा धडा कच्चा, जुना पक्का. ती सरळ व्हिएन्नाला पोचली. परीक्षक बाईने म्हणे कुत्र्याचं नाव विचारलं. ते किताबात नव्हतं.

निकाल घेऊन आली तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. "कुठली गं दोन मुलं? कुठाय तो कुत्रा? वर्ष झालं मी घसा फोडतेय. पालथ्या घड्यावर पाणी."

तिने ओढणी सारखी केली आणि पुन्हा पुस्तक उघडलं. त्याने मला जास्तच चीड आली. आतिफचा करार अजून दोन वर्षं होता. तो म्हणत होता, नाही जमलं तर मीच परत येतो. परत येऊन करणार काय, तर सासऱ्याच्या दुकानात बसणार. कासिमभाई म्हणत होते, येऊ दे. समरा म्हणत होती, "त्यांनी कशाला यायचं? मी जानार." आणि जायचं नाव घेऊन ही बया व्हिएन्नात अडकलेली.

शेवटी मी हात टेकले. तिला शिकवणं मला जमणार नाही, दुसरीकडे क्लास लावा, हे कासिमभाईंना तोंडावर सांगायचं म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेले. कासिमभाई दुकानात होते. समराचा मुलांचा पाठ चालू होता, म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. सात-आठ पोरं डुलत डुलत म्हणत होती. रायान नावाचा एक पोरगा मध्येच चुकला, तिने बोट वर केलं, तो मुकाट्याने पहिल्यापासून म्हणू लागला. मला तर हसावं की रडावं कळेना. रोगाचं मूळ माझ्यासमोर डुलत होतं.

पाठ संपला, किताबं मिटून कापडात गुंडाळली गेली. मला वाटलं आता उठतील. पण मुलांनी ओंजळी पुढे केल्या आणि एकेक जण मोठ्याने काहीतरी मागू लागला. हे मात्र साध्या बोलीत. इक्रा नावाच्या चिमुरडीने नानीचे गुडघे बरे व्हावेत म्हणून मागितलं. रायानने गणिताच्या सरांना ताप येऊ दे म्हटलं, तेव्हा समराने त्याचा कान धरला आणि दुसरं काहीतरी मागायला लावलं. एकाचंही वाक्य धड नव्हतं. तिने कुणाचं दुरुस्त केलं नाही.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "हे कुठल्या किताबातलं?"

"किताबातल्या दुवा पन असतात, मॅडम. पन शेवटची आपली असते. जशी येल तशी. त्यात चुकलं तरी चालतं."

कासिमभाईंची वाट न बघता मी घरी आले. माझाच मला राग आला होता, कारण औषध मागच्या विंगमध्ये होतं आणि मी दीड वर्ष पुस्तकं बदलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी तिला बिर्गिटचा धडा म्हणू दिला, अगदी 'ऐका आणि पुन्हा म्हणा'सकट. संपल्यावर पुस्तक तिच्या हातून घेऊन मिटलं आणि कपाटात ठेवलं.

"पाठ झाला," मी म्हटलं. "आता शेवटची दुवा. आपली. जर्मनमधून."

ती घाबरली. "जर्मनमधून?"

"का, अल्लाला जर्मन येत नाही?"

ती हसली, मग हसू गेलं. तिने ओंजळ पुढे केली. ओठ हलले नाहीत, म्हणजे बिर्गिट नव्हती. मग एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलू लागली. माझं नाव समरा. मी सानपाडा राहते. माझा नवरा लांब. आणि नेहमीच्या जागी येऊन अडली. मी शब्द पुरवला नाही. मग ती म्हणाली, मला मुलं नाहीत. मी छत्तीस. कृपया, लवकर.

वाक्यं मोडकी होती. मी कपाटाचं दार उगाच पुन्हा लावलं आणि खेकसले, "हेच पहिल्या दिवशी बोलायला काय झालं होतं?"

तिने चेहऱ्यावरून हात फिरवले. "बिर्गिटचं बोलताना मला दोन मुलं असायची ना, मॅडम."

मी आत जाऊन चहा टाकला आणि तो ओट्यावर उतू गेला.

त्यानंतरही तिने मला कमी पिडलं नाही. रोज शेवटी ओंजळ पुढे करून काहीतरी मागायची, रोज चुकायची, आणि मी दुरुस्त करायला गेले की म्हणायची, "दुवामध्ये मध्ये बोलायचं नसतं, मॅडम." तिसऱ्या परीक्षेला गेली आणि काठावर का होईना, पास झाली.

निकालाच्या दिवशी डबाभर सांदण घेऊन आली. मी खाता खाता विचारलं, "बोलायच्या परीक्षेत काय आलं?"

"विषयाची कार्डं असतात ना, त्यात फॅमिलीचं आलं. समोरची बाई बोलली, मुलं आहेत का?"

मी घास खाली ठेवला. "मग?"

"मी बोलले, नाहीत. अजून."

जर्मनमधलं हे 'अजून' आमच्या पुस्तकात बाराव्या धड्यात येतं. आम्ही आठव्याच्या पुढे गेलोच नव्हतो. मी विचारलं, "हा शब्द तुला कुणी शिकवला?"

"आतिफनी. फोनवर," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "मी त्यांना विचारलं, नाहीत बोलून झाल्यावर पुढं काय लावायचं."