उरुग्वेची आकाशी जर्सी

दुकानात आकाशी जर्सी टांगलेली दिसली की मला आखातातल्या रुसैलच्या कामगार कॅम्पमधल्या एसीचा कुबट वास येतो. फुटबॉलचा विश्वचषक चालू होता आणि आम्ही रात्रपाळी करून आलो होतो. खोलीतला वसईचा फिटर उरुग्वेच्या स्ट्रायकरवर फिदा होता. "एवढासा देश, पण याला जग ओळखतं," म्हणायचा. त्या सकाळी त्याच्या गावाहून मला फोन आला, त्याची आई गेली. पासपोर्ट कंपनीकडे, त्यामुळे तो मातीला पोचणं शक्यच नव्हतं. आमच्या खोलीची रीत होती, असली बातमी माणूस जेवल्यावरच सांगायची. म्हणून डाळभात वाढून आम्ही मॅच लावली. उरुग्वेने तीन गोल खाल्ले, मग तिन्ही फेडले, पण बरोबरी पुरली नाही, ते स्पर्धेबाहेर गेले. फिटरने ताटातलं सगळं संपवलं. मी टीव्ही बंद करून त्याच्याजवळ बसलो, तर तोच म्हणाला, "आई गेली रे. भावाने रात्रीच फॅक्टरीत फोन केला होता. तुम्ही जेवला नव्हता, म्हणून बोललो नाही." मग सगळ्यांची ताटं उचलून तो धुवायला गेला. आता घरून अवेळी फोन वाजला, तर मी तो वाजू देतो. आधी जेवून घेतो.